रमोना गोड, मग बीझस कुरकुरी का?

थोरली_पाती:
परवा इथे एकाने बेव्हर्ली क्लीअरी या अमेरिकन लेखिकेच्या रमोना क्विंबीवर पोस्ट टाकली होती, बालसाहित्यातलं सगळ्यात लाडकं शेंडेफळ वगैरे. छान लिहिलं होतं, मीही मान डोलवत वाचत होते, आणि शेवटी काय तर ‘बीझस मात्र सारखी कुरकुर करते, मोठ्या बहिणीने जरा समजून घ्यायला काय हरकत आहे’. झालं, डोकंच फिरलं माझं. तिथेच उत्तर देणार होते पण ते काही चार ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो बीझस नऊ वर्षांची आहे हो! रमोना चारची. तळघरात ठेवलेली पेटीभर सफरचंदं, बाईसाहेब एकेकाचा एकच घास घेतात आणि बाजूला टाकतात, कारण काय तर पहिला घास सगळ्यात छान लागतो. बीझसच्या वाढदिवसाचा केक, त्यात अंडी कवचासकट. दुसरा केक करायला घेतला तर ओव्हनमध्ये रबरी बाहुली ठेवून दिली, घरभर जळक्या रबराचा वास. हे वाचताना आपण खो खो हसतो, मी पण हसते. पण ज्या मुलीचा वाढदिवस होता तिने काय करायचं? हसायचं? बरं, ती करते काय, तर मनातल्या मनात स्वतःलाच खाते की मला माझी बहीण आवडत नाही म्हणजे मी किती वाईट आहे. याला कुरकुर म्हणतात?

आणि एक बघा. 1955 चं ते पहिलं पुस्तक बीझसच्या बाजूने सांगितलंय, नावातही ती आधी, ‘बीझस अँड रमोना’. रमोनाच्या डोक्यात आपण शिरतो ते थेट 1968 साली, ‘रमोना द पेस्ट’मध्ये. तोवर ती निव्वळ उपद्व्यापी कार्टी होती. बेव्हर्ली क्लीअरीने कथा तिच्या हातात दिली आणि सगळं जग विरघळलं, पुढची सगळी पुस्तकं तिचीच. ज्याची बाजू रोज ऐकायला मिळते त्याच्यावर जीव जडतो, एवढीच गोष्ट आहे. 2010 मध्ये सिनेमा काढला तर नाव उलटं केलं, ‘रमोना अँड बीझस’. रमोनाच्या गावी, म्हणजे अमेरिकेतल्या पोर्टलंडला, ग्रँट पार्कात 1995 पासून पुतळे आहेत, रमोनाचा, क्लीअरीच्याच दुसऱ्या पुस्तकांतल्या हेन्री हगिन्सचा आणि हेन्रीच्या कुत्र्याचा. कुत्र्याचा आहे. बीझसचा नाही.

शेंडेफळ_कोथरूड:
ती पोस्ट माझीच. कळकळ पोचली ताई, पण धाकटी म्हणजे लाडोबा हा समज नक्की कोणी पसरवला? थोरल्यांनीच. ‘रमोना क्विंबी, एज 8’ वाचलंय ना? डब्यातलं उकडलेलं अंडं डोक्यावर आपटून फोडायची वर्गात फॅशन, आईने घाईत चुकून कच्चं दिलेलं, ते सगळं केसांवरून ओघळतंय, शाळेच्या ऑफिसात नेऊन डोकं धुतात आणि तेवढ्यात तिला बाईंचा आवाज ऐकू येतो की ही मुलगी म्हणजे नुसता ताप आहे. आठ वर्षांची पोर. घरी जाऊन लगेच कोणाला सांगत पण नाही ती. हा प्रसंग वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याच्याशी मला वादच घालायचा नाही.

माझं सांगतो. दादाचा युनिफॉर्म, दादाचं दप्तर, दादाची सायकल, तिची चेन कर्वे रोडवर भर सिग्नलला उतरायची. गाइडं पण त्याचीच, पेनाने उत्तरं आधीच भरलेली आणि त्यातली निम्मी चुकलेली. वर दर वर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी ‘अरे तू त्याचा भाऊ ना, मग गणितात असा कसा?’ शेंडेफळाचे लाड म्हणे. लाड कसले, उरलंसुरलं.

थोरली_पाती:
उरलंसुरलं तरी मिळालं, आम्हाला नवीन मिळायचं ते ‘नीट वापर, पुढे धाकटीला होईल’ असं बजावूनच मिळायचं. ‘रमोना अँड हर मदर’मधला केस कापायचा प्रसंग आठवा. बीझस खाऊचे पैसे साठवून केस कापायला शिकवणाऱ्या शाळेत जाते, तिथे स्वस्तात होतं म्हणून, आणि शिकाऊ मुलगी तिच्या डोक्याचं पार वाटोळं करते. रमोना सहज सोबत आलेली, तिलाही बसवतात खुर्चीत आणि ती दिसते एकदम परीसारखी. सगळे तिचंच कौतुक करतात. मी तुळशीबागेतून हट्ट करून मोत्यांचा सेट घेतला होता गॅदरिंगसाठी, आदल्या रात्री धाकटीने तो दोरा तुटेपर्यंत ओढला, मोती पलंगाखाली, कपाटाखाली, आणि आई म्हणते कशी, ‘लहान आहे गं ती’. आज ती चाळिशीला आली, अजून लहानच आहे.

सदाशिवपेठी_वाचक:
तुमच्या थोरल्या-धाकट्या वादात मला काडीचा रस नाही. मला एवढंच विचारायचंय की वाचनालयाचं पुस्तक क्रेयॉनने रंगवून ठेवणाऱ्या मुलीला तुम्ही सगळे गोड कसं काय म्हणता? का रंगवलं, तर परत द्यायला लागू नये म्हणून! हा शुद्ध कट आहे. बरं, नवलाई काहीच नाही, आपल्या पुण्यात असल्या रमोना साठी उलटून गेल्यावरही वाचनालयाचे सभासद असतात. मी ज्या वाचनालयात जातो तिथल्या एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलने ‘खुनी डॉक्टर’ असं लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून. वर्गणी भरून आम्ही हे वाचायचं?

निळी_पेन्सिल:
खुनी कोण ते लिहिणं हा नीचपणाच. पण दुरुस्त्या करणं वेगळं. मी स्वतः करते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, कुठे सनावळी चुकली असेल तर समासात बारीक अक्षरात. पुढच्या वाचकाला मदतच होते की. हल्ली मुद्रितशोधन नावाचा प्रकार प्रकाशकांनी सोडूनच दिलाय, मग कोणीतरी करायला नको?

सदाशिवपेठी_वाचक:
कोणी सांगितलं तुम्हाला? पुस्तक तुमच्या तीर्थरूपांचं आहे का?

निळी_पेन्सिल:
वडिलांवर जायचं काम नाही. वर्गणी मी पण भरते, तुमच्याइतकीच, कदाचित तुमच्या आधीपासून. आणि पेन्सिल आहे, खोडता येते. ज्यांना शुद्धलेखनाची ॲलर्जी आहे त्यांनी खोडून वाचावं.

काउंटरवाला:
एका वाचनालयात बरीच वर्षं काउंटरवर बसलोय म्हणून बोलतो. खोडता येते हे वाचायला बरं वाटतं मॅडम, खोडत बसतो आम्ही. जुना कागद, रबर फिरवलं की अक्षरासकट पापुद्रा निघतो. दंड मागायला जावं तर सभासद म्हणणार ‘मी नाही, आधीच होतं’, आणि पुस्तक किती जणांच्या घरून फिरून आलेलं, सिद्ध काय करणार? दिवाळी अंकांतली शब्दकोडी भरून परत देणारे वेगळेच, त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही. त्या अमेरिकन पुस्तकातल्या ग्रंथपाल बाई मला फार आवडतात. पैसे भरून घेतात, आणि पैसे बीझसने आणून दिले म्हणून पुस्तक बीझसचं झालं असं सांगतात. म्हणजे जिने रंगवलं तिला मिळालं नाही. असा नियम पाहिजे.

थोरली_पाती:
अगदी हाच मुद्दा, बीझसला न्याय मिळतो तो घरच्यांकडून नाही, काउंटरपलीकडच्या बाईंकडून! आता कृपया मूळ विषयावर या, पेन्सिली ठेवा खाली.

मराठीच_बरं:
मूळ विषयावर येतो. पोर्टलंडच्या पोरींसाठी एवढे अश्रू कशाला? आपल्याकडे ताम्हनकरांचा गोट्या आहे, चिंगी आहे, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे, बोक्या घरातला धाकटाच. आणि फुरसुंगीचा बनेश फेणे आहे, ज्याला असल्या घरगुती रुसव्याफुगव्यांना वेळ नव्हता. भा. रा. भागवतांनी त्याला सायकल दिली आणि सोडला पुण्यात. ट्टॉक! विषय संपला.

शेंडेफळ_कोथरूड:
फाफेला मध्ये आणलंत की पुण्यात कोणी वाद घालू शकत नाही, हे माहीत असून आणता तुम्ही लोक. पण घरगुती रुसवेफुगवे नाहीत हीच तर अडचण आहे ना राव! चोर पकडायचेत तर फाफे भारी, लहानपणी फुरसुंगी म्हणजे लंडनच्या वरचं गाव वाटायचं मला. पण बहिणीशी भांडण झाल्यावर रात्री उशीत तोंड खुपसून वाचायला काय आहे? रमोनाच्या पुस्तकांत बाबांची नोकरी जाते, घरात पैशावरून ताण असतो, मांजर मरतं, आणि त्यातच टूथपेस्टची अख्खी ट्यूब बेसिनमध्ये पिळायची मजा पण असते.

फेमस_पाच:
धाकट्यांचे लाड होतात म्हणणाऱ्यांनी एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’मधली ॲन विसरू नये. पाचांतली सगळ्यात लहान, आणि गुहेत मुक्काम असो की कॅराव्हॅनमध्ये, आवराआवर कोण करणार? सँडविच कोण करणार? ॲन. ज्युलियन थोरला, तो नुसते हुकूम सोडणार. 1942 ते 1963, एकवीस पुस्तकं, पोरीने भांडी विसळलीच. तेव्हा हा थोरली-धाकटीचा प्रश्न नाहीच, मुलगी आहे का मुलगा एवढाच प्रश्न आहे. थोरल्या ताईंची जागा थोरल्या दादाने घेतली असती तर ‘समजून घे’ कोणी म्हटलं असतं का त्याला?

थोरली_पाती:
हे मात्र बिनतोड. आमच्याकडे मधला भाऊ आहे, त्याला कधी कोणी काही समजून घ्यायला सांगितल्याचं आठवत नाही.

बाबा_वाचतोय:
आमच्याकडे एकच मुलगी, त्यामुळे मी या युद्धात तटस्थ. पण तुम्ही सगळे भावंडवाले एक विसरताय, क्लीअरी स्वतः एकुलती एक होती. हेन्री हगिन्सची गोष्ट लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपली सगळीच पात्रं एकेकटी दिसतायत, म्हणून बीझसला एक धाकटी बहीण चिकटवून दिली, बीट्रिस हे खरं नाव, धाकटीला ते म्हणता येईना म्हणून बीझस झालं, असं टोपणनावाला कारण पण मिळालं. म्हणजे जिच्यावरून तुमची जुंपलीय ती आधी नुसती भरतीला आलेली. माझी पोरगी रोज रात्री सफरचंदांचं प्रकरण पुन्हा वाचायला लावते आणि मग विचारते, बाबा मला रमोना कधी आणणार. बीझस आणा असं तिने एकदाही म्हटलं नाही. घ्या, करा काय करायचं ते.

थोरली_पाती:
न म्हणायला काय झालं, एकुलत्या एकीला फुकटची करमणूक हवीय. तिचा केक जळू दे एकदा ओव्हनमध्ये, मग विचारा.

शेंडेफळ_कोथरूड:
बरं बाई, पुतळ्याचा मुद्दा तुमचा. कुत्र्याला जागा आहे आणि बीझसला नाही हे जरा अतीच झालं. ‘कुरकुर’ हा शब्द मागे घेतो, ‘चिडचिड’ लिहितो, चालेल? पण रमोना लाडकी ती लाडकीच, त्यात तसूभर बदल नाही. आणि बीझसला शेवटी आई नि मावशी काय सांगतात ते तुम्ही सोयीस्कररीत्या गाळलंत. त्या दोघीही लहानपणी कडाकडा भांडायच्या, नेहमीच एकमेकींवर प्रेम वाटलं पाहिजे असं काही नसतं, हे ऐकल्यावर त्या पोरीचा जीव भांड्यात पडतो. तुमच्या धाकटीला फोन करा, मोत्यांचे पैसे मागा.

थोरली_पाती:
मागितले आहेत, दर भाऊबीजेला मागते. आणि ते मावशीचं गाळलं नाही, तिथे मी पूर्वी रडले होते म्हणून लिहिलं नाही. असो. ज्यांनी 1955 चं न वाचताच मतं मांडली, आणि दोन-तीन जण आहेत असे, त्यांना माझी प्रत देईन. डेक्कनला येऊन घेऊन जा. परत पाहिजे, आणि आत एक रेघ दिसता कामा नये.

निळी_पेन्सिल:
पहिला नंबर माझा.

सदाशिवपेठी_वाचक:
देऊ नका हो!