कॉलेजच्या पैलवानाला दरमहा मदत: रोख, खुराक की इनाम?

रंकाळाकाठ:
आम्ही दहा-बारा माजी विद्यार्थी दरमहा १५ हजार जमवतोय. बी. ए. दुसऱ्या वर्षाचा एक पैलवान आहे, मॅटवर ७४ किलोत खेळतो, तालमीतच राहतो. पैसे त्याच्या हातात द्यावेत, वस्तादांकडे द्यावेत, की गावच्या जत्रेत त्याची मोठी कुस्ती ठरवून इनाम लावावं? गटातल्या निम्म्यांना इनामच हवंय. पावतीवर आयकरात सूट मिळते का?

तांबडी माती:
इनाम लावू नका. जत्रांमधली कुस्त्यांची मैदानं गुढीपाडव्यापासून मेपर्यंत जोरात असतात आणि विद्यापीठाच्या परीक्षाही त्याच सुमाराला येतात. पण त्याहून मोठी अडचण वजनाची आहे. मैदानात जोड पैलवानाच्या नावावर लागते, वजनाच्या काट्यावर नाही. समोर नव्वद किलोचा गडी आला की देणगीदारच म्हणतात, ‘पोराला अजून भरवा.’ ७४ चा पोरगा ८४ वर जातो आणि निवड चाचणी आली की पाणी तोडून, घाम काढून खाली येतो. २०१८ पासून वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. आटलेलं अंग भरून यायला वेळच मिळत नाही. पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, ते सगळ्यांनी पाहिलंय.

दमाचंही तसंच. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांवर निकाल. मातीत निकाली कुस्तीसाठी, म्हणजे एक जण चीत होईपर्यंत, झुंजत राहायचं. दोन्हींची मेहनत वेगळी. वर्षातून एखादं मैदान मारलं तर बिघडत नाही, पण ते वस्ताद ठरवतील. पैसे देणाऱ्यानं ठरवू नये.

थंडाईवाला:
खुराकाचा ढोबळ हिशेब देतो, भाव थोडे इकडेतिकडे धरा. म्हशीचं दूध रोज २ लिटर, महिन्याला ४,२०० च्या आसपास. बदाम रोज ५० ग्रॅम, १,३५०. अंडी रोज ६, साधारण १,२५०. तूप रोज ५० ग्रॅम, हजारभर. चिकन, फळं, खसखस धरून १० हजारांत बसतं. खेलो इंडियाच्या खेळाडूला हातखर्च म्हणून महिना १० हजारच मिळतात, म्हणजे तुमचा आकडा योग्य आहे.

रोख एकदम दिली की बऱ्याचदा घरच्या हप्त्यात जाते, त्यात पोराचा दोष नाही. दूधवाल्याचं आणि किराण्याचं खातं तालमीच्या नावावर लावा, महिन्याला थेट भरा. २ हजार मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यावर टाका. एसटी, झेरॉक्स, मोबाइल यांसाठी पोरानं कुणापुढं हात पसरू नये.

आणि प्रोटीनचा डबा भेट देऊ नका. भेसळीतून बंदी असलेलं औषध अंगात सापडलं तर नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) खेळाडूलाच जबाबदार धरते, डबा कुणी दिला हे नंतर. द्यायचाच असेल तर सीलबंद, बिलासह, बॅच क्रमांक लिहून ठेवून.

हिशेबनीस:
थेट खेळाडूला दिलेल्या पैशावर तुम्हाला सूट नाही. ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलतीची नोंदणी, असलेल्या ट्रस्टमार्फत द्या. जुनी करप्रणाली घेतली असेल तरच सूट मिळते आणि २ हजारांवरची रोख देणगी तिथंही चालत नाही. देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

त्याच्या बाजूनं बघा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर भेट आली तर सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरतात, नुसती वरची नव्हे. तुमचे वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. दुसरी कमाई नसेल तर कर बसणार नाही, पण वही ठेवा. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना जुलै २०२१ पासून जाहिरातीत नाव-चेहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतात, तिथं आता कॉलेजबाहेरच्या कुणाशी केलेला ६०० डॉलर किंवा त्यावरचा करार नोंदवावाच लागतो. कोण देतं आणि बदल्यात काय मागतं, हे कागदावर आलं की पोरावरचा दाब कमी होतो.

रंकाळाकाठ:
आणि दुखापत झाली तर?

तांबडी माती:
देणगीदार गळतात ते तिथंच. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की नऊ महिने तरी कुस्ती बंद. म्हणून १५ पैकी ३ हजार पहिल्यापासून बाजूला टाका आणि लिहून द्या: दुखापतीनंतर वर्षभर मदत चालू राहील, बदल्यात कुठलं मैदान मागणार नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ ला घर गहाण टाकून खाशाबा जाधवांना ७ हजार दिले, ते हेलसिंकीला जाता यावं म्हणून. गावच्या मैदानासाठी नव्हे. इथल्या पेठापेठांच्या संघांच्या फुटबॉललाही हेच लागू. विद्यापीठाचा सामना आणि पेठेचा सामना एकाच आठवड्यात आले की समर्थकांच्या हट्टानं दुखरा पाय घेऊन पोरं उतरतात.

बंद काळात खुराक मात्र तेवढाच ठेवू नका. मेहनत थांबली की २ लिटरचं १ लिटर करा, तूप बंद, अंडी तशीच. स्पर्धा नसताना वजन किती राहू द्यायचं ते आधी वस्तादांना विचारा, मग दूधवाल्याला सांगा.