महागाईला पुरून उरणारे सरकारी रोखे: बडोदेकरांनो, तुमचा अनुभव?

आपल्या बऱ्याच घरांचा खर्च पेन्शन आणि एफडीच्या व्याजावर चालतो. महागाईशी जोडलेले किंवा बदलत्या व्याजाचे सरकारी रोखे कुणी घेतलेत का? हातात काय पडलं ते लिहा. सल्ले नकोत.

रावपुरा, निवृत्त
डिसेंबर 2013 मध्ये निघालेले रोखे मी घेतले होते. दहा वर्षं मुदत, किरकोळ महागाईचा दर अधिक 1.5 टक्के, व्याज दर सहामाहीला मुद्दलात मिळवून शेवटी एकरकमी. काउंटरवरच्या मुलाला योजनाच ठाऊक नव्हती. "काका, एफडी करा ना!" पुढे महागाई उतरली, व्याजही उतरलं. शेजारी म्हणाले, फसलात. अहो, महागाई उतरली तर व्याज उतरणारच, वरचा दीड टक्का कुठे गेला? खरी कात्री कराची. महागाई भरून काढणाऱ्या व्याजावरही पूर्ण कर. सहा टक्के महागाई धरा: साडेसात मिळाले, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हाती सव्वापाच. मार्च 2014 नंतर विक्री बंद झाली ती झालीच.

मांजलपूर
हल्ली एजंट "महागाईवाले" म्हणून जे खपवतात ते रिझर्व्ह बँकेचे बदलत्या व्याजाचे बचत रोखे, जुलै 2020 पासूनचे, सात वर्षांचे. माझ्याकडे आहेत. पण त्यांची गाठ महागाईशी नाही, पोस्टाच्या एनएससीशी, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राशी: त्याचा दर अधिक 0.35 टक्के. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 वर गेली, रोखे 7.15 वरच, आणि 2022 संपेपर्यंत तिथेच बसले. जुलै 2023 मध्ये कुठे 8.05 झाले. व्याज जानेवारी-जुलैत खात्यात येतं आणि आमच्याकडे खर्चून जातं. सात वर्षांनी मुद्दल तेवढंच परत, तेव्हा तुरीची डाळ काय भाव असेल देव जाणे.

कारेलीबाग
म्हणूनच आम्ही आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना 30 लाखांपर्यंत भरली. रोख्यांत उरलेलेच.

अलकापुरी
बहीण न्यू जर्सीत. 2022 च्या मे महिन्यात तिकडच्या सरकारच्या महागाईशी जोडलेल्या आय बॉण्डवर 9.62 टक्के होते, तिने लगेच घेतले. पण ऑनलाइन माणशी वर्षाला 10,000 डॉलरच. आपले बचत रोखे तिला चालले असते, पण एनआरआयना ते मिळत नाहीत.

दांडिया बाजार
पैसे अडकतात ते कुणी लिहिलं नाही. रिझर्व्ह बँकेचे हे बदलत्या व्याजाचे रोखे विकता येत नाहीत, तारण ठेवून कर्जही नाही. मुदतीआधी मोडायची सोय फक्त साठीपुढच्यांना: साठ ते सत्तर वयाला सहा वर्षांनी, सत्तर ते ऐंशीला पाच, ऐंशीपुढे चार, शिवाय शेवटच्या सहामाहीचं निम्मं व्याज कापतात. संयुक्त नावात एक जण जरी वयात बसला तरी चालतं. मी सासूबाईंचं नाव जोडलं, त्या ब्याऐंशीच्या.

मांजलपूर
ताई, पहिलं नाव त्यांचं की तुमचं? व्याजातून आधीच कापला जाणारा कर (टीडीएस) कुणाच्या पॅनवर जातो?