एसीच्या आधी पंखे बघा

वीजबिल कमी करायचं तर सगळे एसी २४ अंशांवर ठेवा म्हणतायत, ते बरोबरच. पण आमच्या ऐरोलीच्या घरात एसी लागतो जेमतेम दोन महिने; पंखे मात्र बारा महिने गरगरतात. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, साधारण ३०. रोज १५ तास धरले तर पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. महावितरणचा दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचतात ती वरच्या, महागड्या टप्प्यातली. पंखा महाग पडतो, खरंय. आम्हीही आधी फक्त हॉलचाच बदलला. आणि तो गिझर! २००० वॉटचा अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. सासूबाईंनी बटणाखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'बंद केलास का?' चिरंजीव तरी विसरतातच.