नागरी हक्कांच्या चळवळीत गाण्यांनी नेमके काय काम केले?

उत्तररात्र

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताविषयी वाचताना एक शंका वारंवार मनात येते, ती येथील जाणकारांपुढे मांडतो. बिली हॉलिडेने 1939 साली न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त गायलेले, जमावाने झाडाला टांगून मारलेल्या कृष्णवर्णीयांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’, 1963 साली बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्यानंतर जॅझवादक जॉन कोल्ट्रेनने वाजवलेले ‘अलाबामा’ आणि नीना सिमोनने रचलेले ‘मिसिसिपी गॉडॅम’ यांची थोरवी मला मान्य आहे. मात्र 1955 च्या मोंटगोमेरीतील बस-बहिष्कारापासून 1965 च्या सेल्मातील मोर्चांपर्यंतचा लढा न्यायालये, धरणी, मोर्चे आणि तुरुंगवास यांच्या बळावर लढला गेला. त्यात गाण्यांनी खरोखर काही काम केले, की लढा जिंकल्यानंतर आठवणींवर चढवलेला तो मुलामा आहे? दुसरे असे की, ‘वुई शॅल ओव्हरकम’ (‘आम्ही विजयी होऊ’) यासारखे संथ, सोशिक वाटणारे गाणे आणि 1968 मध्ये जेम्स ब्राउनचे, काळे असण्याचा अभिमान ओरडून सांगणारे गाणे, ही दोन्ही एकाच समाजाची, एकाच दशकातली कशी काय?

काठावरचा

तुम्ही नोंदवलेली पहिली तीन उदाहरणे ऐकण्यासाठी केलेल्या संगीताची आहेत, आणि मला वाटते गोंधळाचे मूळ तेथेच आहे. ‘स्ट्रेंज फ्रूट’ गाताना कॅफे सोसायटीत वाढपी थांबत, दिवे मालवले जात, फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश राही आणि लोक निमूटपणे ऐकत. चळवळीतली गाणी याच्या अगदी उलट होती. त्यांना श्रोता नव्हताच. जो सभेला येई त्याला गावेच लागे.

जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी हे गाव यासाठी पाहण्यासारखे आहे. तेथे नोव्हेंबर 1961 मध्ये बसस्थानकातील वर्णभेदावरून आंदोलन सुरू झाले आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेकडो माणसे अटकेत होती. त्यांत मोलकरणी होत्या, विद्यार्थी होते, व्यावसायिक होते. एरवी ही माणसे एका बाकावर बसली नसती. बर्नीस जॉन्सन ही स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थिनी एका धर्मोपदेशकाची मुलगी होती आणि वाद्यांच्या साथीशिवाय गाणाऱ्या चर्चमध्ये वाढली होती. एका मोर्चानंतर चर्चमध्ये सभा भरली असता तिला गायला सांगितले गेले. ‘माझ्या डोक्यावर हवेत मला संकट दिसते’ अशा अर्थाची एक जुनी ओळ तिला ठाऊक होती; गाता गाता तिने ‘संकटा’च्या जागी ‘स्वातंत्र्य’ घातले आणि सगळ्यांनी ते उचलले. चाल लहानपणापासून कानात असल्याने नवे काही शिकण्याची गरजच नव्हती. ‘कोणीही मला माघारी फिरवू शकणार नाही’ या गाण्यात तर पोलीसप्रमुख प्रिचेट आणि महापौर केली यांची नावे कडव्याकडव्याला घातली जात, आणि ज्या अधिकाऱ्याचे नाव दबक्या आवाजातही कोणी घेतले नसते त्याचे नाव हजार माणसे टाळ्या वाजवत घेत.

या गाण्यांनी तुरुंगात काय केले याचे सर्वांत ठोस उदाहरण मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातले आहे. 1961 च्या उन्हाळ्यात ‘फ्रीडम रायडर्स’ना, म्हणजे बसप्रवासातील वर्णभेद मोडण्यासाठी एकत्र प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांना, तेथे डांबले होते. गाणे थांबवले नाही तर गाद्या काढून घेऊ, अशी धमकी पहारेकऱ्यांनी दिली. कैद्यांनी गाद्या दिल्या आणि गाणे चालू ठेवले. ज्या गोष्टीसाठी उघड्या लोखंडावर झोपायची तयारी असते, तिला मागाहून चढवलेला मुलामा म्हणता येणार नाही.

शिळोप्याचे पान

वरील प्रतिसाद आवडला, तरी ऑल्बनीचे उदाहरण दुधारी आहे, हे नमूद करायला हवे. गाण्यांच्या दृष्टीने ती मोहीम सर्वांत समृद्ध, पण राजकीय फलिताच्या दृष्टीने सर्वांत कोरड्या मोहिमांपैकी एक होती. प्रिचेटने कॅमेऱ्यांसमोर हिंसा होऊ दिली नाही, अटक केलेल्यांना आजूबाजूच्या जिल्ह्यांतील तुरुंगांत विखरून ठेवले, आणि 1962 च्या उन्हाळ्याअखेर चळवळीचे नेते मार्टिन लूथर किंग जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. अधिक आक्रमक मार्गाचे पुरस्कर्ते माल्कम एक्स यांनी 1964 साली चळवळीतल्या लोकांना तुम्ही गाता फार, असे सुनावले होते, ते उगाच नव्हे.

ऑल्बनीनंतर पुढच्याच वर्षी, 1963 मध्ये, बर्मिंगहॅममध्ये यश आले, ते मुलांचे मोर्चे, व्यापारावरचा बहिष्कार आणि मोर्चेकऱ्यांवर सोडलेल्या पाण्याच्या फवाऱ्यांची व कुत्र्यांची छायाचित्रे यांमुळे. गाणी तेथेही होतीच, कार्लटन रीझ यांच्या नेतृत्वाखाली चळवळीचे स्वतःचे गायकवृंद होते. मला मात्र तेथील रेडिओ अधिक महत्त्वाचा वाटतो. शेली स्ट्युअर्ट आणि ‘टॉल पॉल’ व्हाइट हे निवेदक तरुणांच्या आवडीची गाणी लावता लावता सांकेतिक भाषेत मोर्चाची वेळ सांगत. गौरवर्णीय पालकांना आणि पोलिसांना त्यात वावगे काही दिसत नसे. म्हणजे निव्वळ करमणुकीचे संगीतही निरोप पोहोचवण्याचे काम करत होते, आणि ते चर्चमधल्या भक्तिभावापेक्षा कितीतरी व्यवहारी काम होते.

माळरान

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. आपल्याकडे सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. जुनी चाल आणि नवे शब्द हा मार्ग म्हणून आपल्याला परका नाही. मात्र जलशाला फड होता, शाहीर होता, समोर बसलेले गाव होते. ऑल्बनीत गाणारे आणि ऐकणारे वेगळे उरत नाहीत. हा फरक लहान नाही, म्हणून सरसकट तुलना टाळावी. दोन्ही समाजांचा थेट धागा हवा असल्यास तो 1972 च्या दलित पँथरमध्ये सापडतो. ते नाव अमेरिकेतील ऑकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेले होते, म्हणजे मुंबईच्या तरुणांना जवळचा वाटला तो या लढ्याचा पुढचा, आक्रमक टप्पा.

काठावरचा

‘शिळोप्याचे पान’ यांचा आक्षेप योग्य आहे, पण ऑल्बनीचे फलित केवळ ऑल्बनीत मोजता येणार नाही. 1962 मध्ये ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेने बर्नीस जॉन्सन, रुथा मे हॅरिस, कॉर्डेल रीगन आणि चार्ल्स नेब्लेट या चौघांचा ‘फ्रीडम सिंगर्स’ हा गट उभारला. देशभर, विशेषतः उत्तरेकडील महाविद्यालयांत, त्यांनी गाऊन निधी जमवला आणि दक्षिणेत काय चालले आहे याची बातमी पोहोचवली. संघटनेला पैसा लागतो, या साध्या गोष्टीकडे गाण्यांविषयी लिहिणारे फारसे लक्ष देत नाहीत.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. ‘वुई शॅल ओव्हरकम’ सोशिक आहे असे मला वाटत नाही. चर्चमधून आलेले ते गाणे 1945-46 मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील संपात कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी गायले, तेथून ते टेनेसीतील हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत पोहोचले. या शाळेवर पोलिसांनी रात्री छापा घातला तेव्हा अंधारात बसलेल्या मुलांनी ‘आम्ही भीत नाही’ हे कडवे जोडले. पुढे त्याची कायदेशीर नोंदणी मात्र पीट सीगर यांच्यासह चार गौरवर्णीयांच्या नावावर झाली. मानधन दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कामांसाठी वळवले जाई, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरी कामगार स्त्रियांची नावे कागदावर नसणे खटकते. न्यायालयीन वादानंतर 2018 साली ते गाणे सर्वांसाठी खुले झाले.

या गाण्याविषयीचा राग मात्र खरा होता. जून 1966 मध्ये मिसिसिपीतील मोर्चात ‘स्निक’चे नेते स्टोकली कारमायकेल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची हाक दिली, आणि त्याच मोर्चात काही तरुण ‘ओव्हरकम’ऐवजी ‘ओव्हररन’ म्हणू लागले. विजयाची वाट पाहण्याऐवजी समोरच्यावर चालून जाण्याची भाषा आली. पण हेही पाहा की, ते तरुण बर्नीसने ऑल्बनीत केले तेच करत होते: जुनी चाल ठेवून नेमका एक शब्द बदलत होते. जेम्स ब्राउनच्या 1968 च्या गाण्यातही तो एक ओळ टाकतो आणि मुलांचा जमाव ती पुरी करतो, ही रचना चर्चमधल्या सवाल-जवाबाची आहे. चर्च सोडून रस्त्यावर आलेल्या माणसांचा राग बदलला, मागण्या बदलल्या, स्वतःला काय म्हणवून घ्यायचे तेही बदलले. गाण्याची रीत त्यांनी टाकली नाही.

उत्तररात्र

सर्वांचे आभार. ‘मुलामा’ हा शब्द मागे घेतो. ऑल्बनीतील सभांचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ऐकायला मिळते का?

काठावरचा

मिळते. बर्नीस जॉन्सन यांनीच (लग्नानंतर बर्नीस जॉन्सन रीगन) 1980 मध्ये स्मिथसोनियन संस्थेसाठी 1960 ते 1966 या काळातील चळवळीच्या गाण्यांचा संग्रह सिद्ध केला. त्यात सभांमधील समूहगान आहे आणि मिसिसिपीच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांचा आवाजही आहे. फ्रीडम सिंगर्सच्या स्टुडिओतील तबकड्या नंतर ऐका. त्या नीटनेटक्या आहेत, आणि सभेत मागच्या बाकावरून कोणीतरी अर्धा ताल आधीच घुसते, ते त्यांत ऐकू येत नाही.