जुनी ई-क्लास (डब्ल्यू211): हॅचबॅकच्या पैशात घ्यावी की हातही लावू नये?

घाटमाथा

2003 ते 2009 मधली मर्सिडीज ई-क्लास (कंपनीचा कोड डब्ल्यू211) आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. माझं मत सरळ आहे: घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. गाडीची किंमत उतरली, सुट्या भागांची नाही. ते आजही महागड्या गाडीच्याच भावाने येतात.

सगळ्यात आधी ब्रेक. 2006 च्या फेसलिफ्टपूर्वीच्या, म्हणजे मॉडेलमध्ये सुधारणा होण्याआधीच्या, गाड्यांत एसबीसी (सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल) आहे. पेडल दाबलं की चाकांवरचा दाब तुमच्या पायातून नाही, विजेवर चालणाऱ्या पंपातून येतो. हे युनिट किती वेळा चाललं याची मोजणी आतच होते. आकडा साधारण 3 लाखांपर्यंत गेला की डॅशवर लाल इशारा येतो आणि युनिट बदलावं लागतं. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तो आकडा भराभर चढतो. पंप बंद पडला तर फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागतो, तोही पेडल जोर लावून खोल दाबल्यावर. 2004 मध्ये जगभरातून सुमारे 6,80,000 गाड्या आणि 2005 मध्ये 13 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात ही यंत्रणा होती. फेसलिफ्टमध्ये कंपनीने ती काढूनच टाकली.

"काउंटर शून्य करून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. आकडा शून्य झाला तरी मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश तसेच राहतात.

चौथा_गिअर

एसबीसीबद्दल शंभर टक्के सहमत, पण त्यावरून अख्खं मॉडेल मोडीत काढणं पटत नाही. फेसलिफ्टनंतरची ई 220 सीडीआय घ्या. साधे ब्रेक, चार सिलिंडरचं ओएम646 डिझेल इंजिन, पाच गिअरचा 722.6 ऑटोमॅटिक. नीट सांभाळलं तर हे इंजिन तीन-चार लाख किलोमीटर सहज जातं. नेमकी दुखणी दोन आहेत.

पहिलं इंजेक्टरच्या बुडाशी. तिथला तांब्याचा वॉशर गळतो, जळका वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. थंड इंजिन सुरू करताना फस्-फस् आवाज आणि केबिनमध्ये डिझेलचा वास ही त्याची खूण. वॉशर किरकोळ पैशाचा असतो. पण गळती वर्षभर चालू दिली की इंजेक्टर चिकटून बसतो आणि पुलर लावून उपटावा लागतो. परत बसवताना बसणीची जागा कटरने साफ करायची, वॉशर नवा घालायचा आणि बोल्टही नवा. तो ताण घेणारा बोल्ट आहे, दुसऱ्यांदा वापरला तर हेडमधले आटे जातात.

दुसरं गिअरबॉक्सचं 13 पिनांचं कनेक्टर. त्याच्या ओ-रिंग कडक झाल्या की ऑइल वायरिंगच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. कनेक्टर स्वस्त, युनिट महाग. म्हणून दर 60,000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलताना कनेक्टरही बदलून टाकायचं. "गिअर ऑइल आयुष्यभर चालतं" यावर विश्वास ठेवलेल्या गाड्याच झटके देतात.

तेलाचा_डाग

220 चालवायला ठीक, पण ही गाडी घ्यायची तर व्ही6 डिझेल, ई 280 सीडीआय. 440 न्यूटन-मीटरचा टॉर्क, खंबाटकी चढताना इंजिनाला जाणवतही नाही.

तिचं इंजिन ओएम642 बदनाम झालं ते ऑइल कूलरच्या सीलमुळे. कूलर इंजिनाच्या व्ही आकाराच्या खोबणीत, टर्बोखाली बसतो. मूळची नारिंगी सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल मागे ओघळत गिअरबॉक्सच्या तोंडाशी दिसतं. मेकॅनिक "क्रँकचं मागचं सील गेलं" म्हणून गिअरबॉक्स उतरवतो, पैसे जातात, गळती तशीच. आधी वरून आरसा आणि टॉर्च घालून खोबण बघायला लावा. ऑइल तिथे साचलेलं असेल तर टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून सुधारित जांभळी सील घालायची. सील शेकड्यांत, मजुरी दोन-तीन दिवसांची. एवढं उघडलंच आहे तर टर्बोच्या तोंडाचं सीलही बदला. तिथून ठिबकणारं ऑइल खालच्या स्वर्ल फ्लॅप मोटरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपा हलवणारी मोटर) पडतं, मोटर जाते आणि गाडी लिंप मोडमध्ये शिरते, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालते.

घाटमाथा

@तेलाचा_डाग, तुम्हीच सांगताय की शेकड्यांच्या सीलसाठी अर्धं इंजिन उघडायचं. माझा मुद्दा तोच आहे. शिवाय व्ही6 ला सहसा सात गिअरचा 722.9 ऑटोमॅटिक येतो. त्यात स्पीड सेन्सर कंट्रोल युनिटच्याच पोटात असतात. सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि नवं युनिट गाडीला कोड केल्याशिवाय चालत नाही.

पेट्रोलवाल्यांनाही सांगतो. ई 280 आणि ई 350 मधल्या एम272 इंजिनात बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) चाकाचे दात झिजतात आणि ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. इंजिन क्रमांकाचा शेवट 30 468993 किंवा त्याआधीचा असेल तर ते चाक बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर सौदा सोडा. ई 200 कॉम्प्रेसरची टायमिंग चेन एकेरी आणि बारीक आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू आली तर तीही सोडा.

कागदपत्र_आधी

इंजिनावर एवढं बोललात, आरसीवर कोणीच नाही. या सगळ्याच गाड्यांना आता 15 वर्षं पूर्ण झाली आहेत. आरटीओत तपासणी होऊन नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का, हे टोकन देण्याआधी बघा. मुदत उलटून गेली असेल तर महिन्यागणिक दंड वाढतो.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त का मिळतात हेही समजून घ्या. हरित लवादाने 2015 मध्ये तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. नुसत्या एनओसीवर फिरणारी गाडी नको. महाराष्ट्राचा कर भरून एमएच क्रमांक मिळालेलीच बघा.

चौथा_गिअर

@घाटमाथा, पेट्रोलबद्दल तुमच्याशी वाद नाही. डिझेलबद्दल अजूनही आहे. पहिल्या वर्षासाठी गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तर फेसलिफ्ट 220 घ्यावी, येत नसेल तर घेऊ नये. सस्पेन्शनचे पुढचे लोअर आर्म, बुश आणि बॉल जॉइंट आपल्या रस्त्यांवर जाणारच. ते लेमफर्डर या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे घ्या, मर्सिडीजच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त पडतात.

आणि गाडी पावसाळ्यानंतर बघा. डिकीतलं कार्पेट उचलून टेललाइटच्या बाजूचा फ्यूजबॉक्स, म्हणजे मागचं सॅम युनिट, तपासा. टेललाइटचं रबर सुकलं की पाणी तिथेच उतरतं. पिनांवर हिरवट गंज दिसला तर आज सगळे दिवे लागत असले तरी वायरिंगचं काम ठरलेलं आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा आणि सनरूफच्या नळ्याही साफ आहेत का बघा. एक ग्लास पाणी ओता, ते चाकाजवळ खाली पडलं पाहिजे, पायाखालच्या मॅटवर नाही.

तेलाचा_डाग

एक राहिलं. एसबीसीची गाडी आधीच घेतलेली असेल तर ब्रेक पॅड बदलण्यापूर्वी यंत्रणा डायग्नोस्टिक संगणकावरून निष्क्रिय करायलाच लावा. नुसतं दार उघडलं तरी पंप जागा होऊन दाब सोडतो आणि कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारा भाग) बोटं असतील तर चिरडतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मुलाला हे माहीत असेलच असं धरू नका, स्वतः सांगा.