मदत हवी आहे: उन्हाळ्यात घोडीला माश्यांचा असह्य त्रास, कोणता फवारा मारावा?

हळदवाला_वसमत (२ मे, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सात वर्षांची एक नुकरा (पांढरी) घोडी आणि तीन वर्षांचा एक काठेवाडी घोडा आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून माश्यांनी दोघांनाही हैराण करून सोडले आहे. बाजारातले दोन प्रकारचे फवारे मारून झाले. तासभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. परवा परभणीकडच्या एका वरातीत घोडीने मान इतक्या जोरात झटकली की पुढे वाकलेल्या नवरदेवाच्या मुंडावळ्या आयाळीत गुंतल्या. त्या सोडवेपर्यंत बँड थांबला, पाहुणे हसले आणि ठरलेल्या पैशांतून पाचशे रुपये कापले गेले. येत्या दहा दिवसांत माझ्या चार वराती आहेत. कृपया नेमके औषध आणि त्याचे प्रमाण तेवढे सांगावे. स्वच्छता ठेवा, असा सल्ला कोणी देऊ नये. लीद मी रोज दोन वेळा उचलतो.

निवृत्त_पशुधन (२ मे, रात्री १०:१५)

औषधाचे नाव सांगण्याआधी माशी कोणती आहे, ते कळले पाहिजे. माश्या डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांवर बसतात, की पायांवर? बसणारी माशी चावते का, आणि ती उडाल्यावर रक्ताचा थेंब दिसतो का? त्रास तबेल्यात जास्त आहे की बाहेर नेल्यावर? अंगावर कुठे जखम आहे का? शिवाय आजवर मारलेल्या दोन फवाऱ्यांत कोणते रसायन होते, ते डबीवर वाचून कळवावे.

दूधधंदा_उदगीर (२ मे, रात्री १०:३२)

एवढ्या चौकश्यांची काहीच गरज नाही. माझ्या गोठ्यात अकरा म्हशी आहेत आणि मी वर्षानुवर्षे गोचिडांचे अमित्राझ हेच औषध वापरत आलो आहे. पाण्यात मिसळून सगळ्या अंगावर फवारावे. गोचीड, उवा, माश्या यांपैकी काहीही उरत नाही. बाटली दोनशे रुपयांच्या आत मिळते.

निवृत्त_पशुधन (२ मे, रात्री १०:३६)

मूळ धागाकर्त्याने कृपया आधी हे वाचावे आणि वरचा सल्ला अजिबात अमलात आणू नये. अमित्राझ गायी-म्हशींना चालते, घोड्याला चालत नाही. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकून पोटशूळ उठतो आणि जनावर दगावू शकते. तुमच्या दोन फवाऱ्यांपैकी एखाद्यावर हे नाव असेल, तर तो फवारा आजच बाजूला ठेवावा आणि घोडी लीद नेहमीप्रमाणे टाकते की नाही, यावर लक्ष ठेवावे.

दूधधंदा_उदगीर (२ मे, रात्री १०:५०)

आमच्या शेजारच्या टांगेवाल्याने एकदा हेच औषध मारले होते आणि त्याच्या घोड्याला काहीही झाले नव्हते. नोकरीतल्या माणसांना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो.

निवृत्त_पशुधन (२ मे, रात्री ११:०४)

एक घोडा वाचला, म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. म्हशीला चार कप्प्यांचे पोट असते आणि ती रवंथ करते. घोड्याचा चारा मोठ्या आतड्यात कुजतो आणि तिथेच अडकतो. तुमच्या म्हशींबाबतचा तुमचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु घोडा म्हणजे बिनशिंगांची म्हैस नव्हे.

जुना_मोतद्दार (३ मे, सकाळी ६:२०)

माझे अर्धे आयुष्य नांदेडकडे घोड्यांची खिदमत करण्यात गेले आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावर विकायला आणणारा जाणता माणूस डबीतल्या औषधावर विसंबत नाही. सकाळ-संध्याकाळ कडक खरारा करावा, घामाचे मीठ ओल्या फडक्याने पुसून काढावे, कारण माशी घामाच्या वासावर येते. आणि दिवेलागणीला तबेल्याच्या तोंडाशी गोवऱ्यांवर कडुलिंबाचा ओला पाला टाकून धूर करावा. कपाळावर गोंड्यांची झालर बांधावी. वरातीच्या घोडीच्या कपाळावरचे गोंडे नुसते शोभेसाठी असतात, असे हल्लीच्या पोरांना वाटते. मान हलली की तेच गोंडे डोळ्यांवरची माशी उडवतात.

रपेट_संभाजीनगर (३ मे, सकाळी ८:०५)

गोंड्यांविषयी सहमत आहे, धुराविषयी नाही. घोड्याची फुप्फुसे धूळ आणि धूर यांबाबत फार नाजूक असतात, आणि बंद तबेल्यात रोज धूर कोंडला तर माश्यांऐवजी खोकला मागे लागेल. त्याऐवजी जाळीचा मुखवटा वापरावा. मी आधी बाहेरून मागवला होता, पण आता मच्छरदाणीच्या जाड जाळीचा शिंप्याकडून शिवून घेतो; जाळी पापण्यांना टेकू नये म्हणून डोळ्यांपाशी दोन चुण्या घालाव्या लागतात. मुखवटा रात्री काढावा आणि रोज धुवावा. एक गमतीची गोष्टही सांगतो. जपानमध्ये काळ्या गायींच्या अंगावर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवून पाहिले, तर चावऱ्या माश्यांचे बसणे जवळपास निम्म्याने कमी झाले. हा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. तुम्हीही करून पाहावा.

जुना_मोतद्दार (३ मे, सकाळी ८:४०)

धूर तबेल्याच्या आत करा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. तोंडाशी, वाऱ्याची दिशा पाहून, असे म्हटले आहे. वाचून बोलावे, ही विनंती.

हळदवाला_वसमत (३ मे, दुपारी १:१५)

वरातीच्या घोडीवर पट्टे ओढले, तर तिच्यावर नवरदेव बसणार नाही आणि बसलाच तर वधूपक्ष हसेल. मी औषध विचारले होते, इथे झेब्रा निघाला.

निवृत्त साहेबांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. दोन्ही फवारे सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचे आहेत, अमित्राझ नाही. काही माश्या डोळ्यांवर बसतात, परंतु खरा त्रास पायांचा आहे. घोडी दिवसभर पुढचे पाय आपटत राहते. जिथे ती बांधलेली असते, तिथे मुरमात वीतभर खड्डा पडला आहे. माशी दिसायला घरातल्यासारखीच आहे, परंतु चावते. बाहेर कालव्यावर धुवायला नेली की तिथे मोठ्या माश्याही येतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक छोटी जखम होळीच्या आधीपासून आहे, तिच्यावर हळद-तेल लावणे चालू आहे. तो वेगळा विषय आहे.

निवृत्त_पशुधन (३ मे, दुपारी ३:३०)

तो वेगळा विषय नाही, म्हणूनच विचारले होते. ती जखम ओलसर, लालसर, वर मांस वाढल्यासारखी दिसते का? तिच्यात तांदळाच्या कणीएवढे पिवळट, कडक दाणे लागतात का? तसे असेल, तर ती उन्हाळी जखम असण्याची शक्यता मोठी आहे. घोड्याच्या पोटातल्या एका जंताची अंडी आणि अळ्या लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अंगात शिरतात, आणि ती माशी डोळ्याच्या कोपऱ्यावर किंवा जखमेवर बसली की जंताच्या अळ्या तिथे उतरतात. पोटात न पोहोचलेली अळी तिथेच अडकून राहते, म्हणून जखम भरत नाही आणि हळद-तेलाने ती भरणारही नाही. पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी; तोंडावाटे आयव्हरमेक्टिन हे जंताचे औषध वजन पाहून देतात. गायीच्या इंजेक्शनची बाटली घरात आहे, म्हणून ती स्वतः टोचू नये. तालुक्याला डॉक्टर मिळत नसतील, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करावा, किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोडी दाखवावी.

आता पायांविषयी. तुम्ही सांगता ती तबेल्यातली चावरी माशी आहे. घरमाशीसारखीच दिसते, परंतु हाताच्या अंतरावरून पाहिले तर तिच्या तोंडातून सरळ पुढे आलेली काळी सोंड दिसते. नर-मादी दोघेही रक्त पितात. ती जनावरावर काही मिनिटेच थांबते. पोट भरले की उन्हातल्या भिंतीवर किंवा कुंपणावर डोके वर करून बसते. तुमचा फवारा तासभरच टिकतो, त्याचे हेही एक कारण आहे, कारण माश्यांचा मोठा भाग त्या वेळी घोडीवर नसतोच. पुढची अंडी ती नुसत्या लिदीपेक्षा लीद, मूत आणि भिजलेला चारा एकत्र कुजतो तिथे घालते. तुमच्या तबेल्यात पाणी कुठे सांडते का?

दूधधंदा_उदगीर (३ मे, सायंकाळी ५:१०)

पांढऱ्या जनावरावर माश्या जास्त बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घोडीच बदलून काळी घ्यावी.

रपेट_संभाजीनगर (३ मे, सायंकाळी ५:४५)

कालव्यावरच्या मोठ्या गोमाश्यांबाबत नेमके उलटे आहे. त्यांना गडद, चकाकणारे अंग अधिक ओढते. पांढऱ्या घोड्याकडे त्या कमी जातात. नुकऱ्याची गुलाबी कातडी उन्हाने भाजते, तो प्रश्न निराळा.

निवृत्त_पशुधन (३ मे, सायंकाळी ६:२०)

हे बरोबर आहे. गोमाशीची मादीच तेवढी चावते, ती दिवसाउजेडी येते आणि अंधाऱ्या तबेल्यात सहसा शिरत नाही. तिच्यामुळे सर्रा हा रक्तातला आजार एका जनावरातून दुसऱ्यात जातो. घोडीला येऊन-जाऊन ताप, पोटाखाली किंवा पायांवर सूज, खाऊनही खंगणे, यांपैकी काही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. कालव्यावर भर उन्हात न नेता अगदी पहाटे न्यावे.

हळदवाला_वसमत (४ मे, सकाळी ९:००)

जखमेत दाणे लागतात, काल रात्री बोटाने पाहिले. आज डॉक्टर येत आहेत.

पाण्याविषयी सांगायचे तर, उन्हाळा असल्यामुळे तबेल्यात कुलर लावला आहे आणि त्याची टाकी थोडी गळते. त्याच्याखाली कडब्याची कुट्टी सांडलेली असते, परंतु तिथे लीद नसते, म्हणून ती उचलत नाही. याखेरीज हळदीच्या बेण्यासाठी रान तयार करायचे असल्याने मागच्या महिन्यात कोंबडखताच्या दोन ट्रॉल्या तबेल्यामागे उतरवल्या आहेत. खत पावसापूर्वी पसरायचे आहे. माश्यांचा त्रास मात्र तबेल्यात आहे, खताच्या ढिगावर नाही.

जुना_मोतद्दार (४ मे, सकाळी ९:२५)

अहो भाऊ, दोन ट्रॉल्या कोंबडखत! हे दोन दिवस आम्ही इथे गोंडे आणि धूर यांवरून भांडत बसलो आणि तुम्ही आता सांगता आहात?

निवृत्त_पशुधन (४ मे, सकाळी १०:१०)

साहेब, आता एक काम करावे. खुरपे घेऊन कुलरखालचा भिजलेला थर चार बोटे उचलावा, आणि ढिगाच्या कडेचे, सावलीतले, ओलसर खत उकरून पाहावे. जे दिसेल ते इथे लिहावे.

हळदवाला_वसमत (४ मे, सायंकाळी ७:३०)

पाहिले. कुलरखालचा थर वरून कोरडा होता आणि खाली काळा, आंबट वासाचा लगदा होता. त्यात पांढऱ्या अळ्या अक्षरशः वळवळत होत्या, आणि भिंतीच्या कडेला गव्हाच्या दाण्यांपेक्षा थोडे लहान, तपकिरी कोष ओंजळभर निघाले. ढिगाच्या उन्हाच्या बाजूला काही नव्हते, सावलीच्या बाजूला मात्र तेच. डॉक्टरांनी उन्हाळी जखमच असल्याचे सांगून तोंडावाटे औषध दिले आणि आठवड्याने पुन्हा दाखवायला सांगितले आहे. आता या अळ्यांवर कोणते औषध मारू?

निवृत्त_पशुधन (४ मे, रात्री ८:१५)

अळ्यांवर औषध नको. कुलरची गळती बंद करावी किंवा त्याखाली घमेले ठेवावे; भिजलेला सगळा थर खरवडून रानात दूर पातळ पसरावा, म्हणजे आपल्या उन्हात तो एका दिवसात वाळतो आणि वाळलेल्यात अळी जगत नाही. खरवडलेल्या जागेवर कोरडा मुरूम टाकावा. कोंबडखताचा ढीग तबेल्यापासून शक्य तितका लांब हलवून त्यावर काळा प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरावा. आतली उष्णता वाढली की अळ्या थंड कडांकडे सरकतात, म्हणून कागदाच्या कडा चारही बाजूंनी मातीने दाबाव्यात, नाहीतर सारी मेहनत कडेने निसटते. वीज असेल तोवर घोडीच्या पायांच्या उंचीवर साधा पंखा सोडावा. माशी वाऱ्यात नीट उडू शकत नाही. सायपरमेथ्रिनची मात्रा डॉक्टरांना विचारून, चेहऱ्यावर न फवारता, फडक्याने पायांना लावावी. शिवाय रोज सकाळी नऊच्या सुमारास चारही पायांवर मिळून किती माश्या आहेत, ते मोजून वहीत लिहावे. नुसत्या अंदाजावर राहिलो, तर कमी झाल्या की नाही हे कळत नाही.

हळदवाला_वसमत (८ मे, सकाळी १०:०५)

तीन मजूर लावून ढीग हलवला, कागद टाकला, कुलर दुरुस्त केला, पंखा लावला. पहिल्या दिवशी पायांवर सव्वीस माश्या होत्या, आज चोवीस आहेत. चार दिवसांत दोन माश्या कमी होणार असतील, तर मजुरी फुकट गेली असे मी समजू का? उद्या वरात आहे.

निवृत्त_पशुधन (८ मे, दुपारी १२:४०)

जे कोष आधीच भिंतीच्या फटींत आणि मातीत गेले होते, ते फुटून माश्या बाहेर येतच राहणार. ते थांबायला दहा-पंधरा दिवस लागतात. उद्याच्या वरातीपुरते पाय धुऊन पुसावेत, औषध लावावे आणि मोतद्दारांनी सांगितलेले गोंडे बांधावेत.

जुना_मोतद्दार (८ मे, दुपारी १:००)

गोंडे लोकरीचे, लांब आणि सुटे हवेत. बाजारातले चकचकीत, प्लास्टिकच्या मण्यांचे घेऊ नयेत. ते डोळ्याला लागतात.

हळदवाला_वसमत (१९ मे, रात्री ९:१०)

आज सकाळी पायांवर पाच माश्या होत्या. घोडी पाय आपटत नाही असे नाही, परंतु मुरमातला खड्डा भरून चार दिवस झाले आणि तो पुन्हा पडलेला नाही. डोळ्याची जखम आकसली आहे, डॉक्टरांनी अजून एकदा बोलावले आहे. चारपैकी तीन वराती नीट पार पडल्या. एका वरातीत मान झटकली, परंतु तिथे फटाक्यांची माळ तिच्या पायांशी लावली होती, त्यात माशीचा दोष नव्हता. गोंडे नांदेडहून आणले. निवृत्त साहेब आणि मोतद्दार काका, आपले आभार.

दूधधंदा_उदगीर (१९ मे, रात्री ९:३५)

ते कोंबडखत कागदाखाली चांगले कुजले असेल, तर एक ट्रॉली मला द्यावी. भाव कळवावा.

हळदवाला_वसमत (१९ मे, रात्री ९:५०)

खत विकायचे नाही. ते हळदीला लागणार आहे.