मापाच्या कोल्हापुरी चपलांच्या ऑर्डरी तुंबल्या आहेत

प्रश्न: मी एकटाच मापाच्या चपला करतो. हिरडा-बाभळीने कमावलेले कातडे पावसाळ्यात लवकर वाळत नसल्याने २३ जोड थकले असून, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई तोंडावर आली आहे. नव्या ऑर्डरी थांबवाव्यात का?

उत्तर १: दादा, अवश्य थांबवाव्यात. ज्यांना जोड मांडवात घालायचे आहेत त्यांचे आधी करावेत आणि उरलेल्यांना स्वतःहून फोन करून खरी तारीख सांगावी. उशीर गिऱ्हाईक सोसते, मौन सोसत नाही.

उत्तर २: मी सर्वांचे तळ एकाच दिवशी कापते, मग कान (तळाच्या दोन्ही बाजूंना लागणारे कातड्याचे तुकडे), मग पट्टे. पट्ट्यावरची कातड्याची वेणी मात्र घाईत घालू नये, कारण सैल वेणी पहिल्याच आठवड्यात उसवते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आज सहा जणांना फोन केले. एकानेही ऑर्डर रद्द केली नाही.